पुण्याला नाव पाठवलंस का?

देवगड

चि. वृंदा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हाच ठरवलं होतं, बँक प्रशिक्षकांसाठीच्या पुण्याच्या त्या कोर्सचा विषय पुन्हा काढायचा नाही. आई म्हणाली, पत्र लिहायचंच तर बागेचं लिहा. तर बाग ठीक आहे. मोहोर अजून नाही, थंडी पडायला हवी. आणि काल मी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो.

तिथे जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. काउंटरवर नवा मुलगा होता, नम्र, कामसू. समोर आनंदवाडीचा एक मच्छीमार. स्वतःची छोटी होडी, नोंदणीचे कागद, परवाना, सगळं पिशवीत घालून आणलेलं. जाळी, डिझेल, बर्फ यांना पैसे लागतात म्हणून किसान क्रेडिट कार्ड मागत होता. मुलगा म्हणाला, "काका, सातबारा आणा." त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. तो निमूट उठून गेला.

मी त्या मुलाला बाजूला घेतलं. मच्छीमारांना हे कार्ड द्यायचं २०१८-१९ च्या अर्थसंकल्पातच जाहीर झालं, ४ फेब्रुवारी २०१९ ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक निघालं. त्याला कितीतरी वर्षं झाली. त्याने ड्रॉवरमधून वही काढून दाखवली. ट्रेनिंगमधली टिपणं, सुवाच्य अक्षरात. "आम्हाला सरांनी असंच शिकवलंय." काय बोलणार? पोराने जे ऐकलं ते मन लावून उतरवून घेतलं होतं आणि तसंच पाळत होता. नंतर त्याने परिपत्रक शोधून वाचलं, मॅनेजरना दाखवलं आणि होडीवाल्याला फोन लावला. सोमवारी बोलावलंय.

रात्री मला झोप लागेना. तुझ्या ट्रेनिंगच्या वर्गात एका वेळी बँकेतले तीस-पस्तीस जण बसतात आणि तिथून कुठल्या कुठल्या गावांना जातात. त्यांच्यापैकी कोणी उद्या काउंटरवर म्हणालं, "आम्हाला मॅडमनी असंच शिकवलंय", तर? ऑडिटमध्ये निघालं तर मेमो त्या पोराला मिळेल. शिकवणाऱ्याला कोणी विचारणार नाही. मला धास्ती वाटते ती याचीच.

तू म्हणालीस, "मी शिकवते बाबा, मला परत बाकावर बसवून काय मिळणार?" बाय, जो शिकवतो त्यानेच आधी बसायला हवं. विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ लाखाची १.६ लाख झाली, जानेवारी २०२५ पासून २ लाख. ठेवींचा विमा १९९३ पासून १ लाखावर थांबला होता, २०२० मध्ये ५ लाख झाला. चेक ऑक्टोबर २०२५ पासून दिवसभर क्लिअर होतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी. तुला हे माहीत असणार, परिपत्रकं तू वाचतेस. पण ठेवींना चार जण एकदम किंवा एकामागून एक, आणि लॉकरला मात्र एकामागून एकच, हे एखाद्या म्हाताऱ्या बाईला समजेल असं सांगायचं कसं? ते परिपत्रकात नसतं. ते चार ठिकाणच्या प्रशिक्षकांबरोबर बसलं, कोणाच्या शाखेत काय अडलं ते ऐकलं, की कळतं.

हे भाषणच झालं. राग मानू नकोस.

आमच्या रत्नागिरीच्या शाखेत हाताने लिहायची लेजरं जाऊन एएलपीएम, म्हणजे खात्यांच्या नोंदी टाइप करून करायची यंत्रं आली तेव्हा तू पाळण्यात होतीस. जुनी माणसं हबकली होती. शिकवायला आले ते सर निवृत्तीच्या जवळ आलेले. आमच्याकडे येण्याआधी दोन महिने ते रोज संध्याकाळी टायपिंगच्या क्लासला जात होते, दहावीच्या मुलांशेजारी बसून. पहिल्याच दिवशी आमच्या हेडकॅशियरांनी भर वर्गात विचारलं, "साहेब, तुम्हाला येतं का?" सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि आदल्या दिवशीची सगळी व्हाउचरं आमच्यादेखत पोस्ट केली. बोटं हळू चालत होती, पण शेवटी बेरीज पैशापर्यंत जुळली. त्यानंतर एकही जण शिकायला मागे राहिला नाही. तू बँकेची जेएआयआयबी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालीस तेव्हा पहिले पेढे मी त्यांच्याच घरी नेले होते. आणि तू ट्रेनर झाल्याचं कळलं तेव्हा जामसंड्याच्या बाजारात भेटेल त्याला थांबवून सांगत होतो. आई अजून सांगते सगळ्यांना.

तू चांगलं शिकवतेस याबद्दल मला कधीच शंका नव्हती. रविवारी तुला तसं वाटलं असेल तर ते मनातून काढून टाक. तू चांगलं शिकवतेस म्हणूनच मुलं तुझा शब्द प्रमाण मानतात, आणि म्हणून तर मी परत परत पुण्याचं काढतो.

अद्वैतच्या शाळेचं कारण सांगितलंस, ते खरं आहे. आई येईल. कणकवलीहून तुतारीने ठाण्याला उतरेल, आठवडाभर त्याचा डबा, अभ्यास सगळं बघेल. तिचा गुडघा आता बरा आहे, तिनेच सांगायला सांगितलंय. मी इथे एकटा राहीन, माझी काळजी करायची नाही. तिकीट मात्र आताच काढावं लागेल, नंतर मिळत नाही.

नाव द्यायची शेवटची तारीख शुक्रवार आहे ना? पाठवलंस की आईला फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

तुझे,
बाबा