आयुर्मानाच्या आकड्याआड लपलेले कोलेस्टेरॉल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या आरोग्य पानावर अमेरिकेतील हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिको, क्यूबा यांसारख्या स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या, समाजाविषयीचा लेख वाचला. हे लोक गोऱ्या अमेरिकनांपेक्षा अधिक जगतात, आणि त्याचे श्रेय मक्याची भाकरी, घेवडा व माणसांनी भरलेले घर यांना द्यावे लागेल, असा लेखाचा सूर आहे. आयुर्मानाचा आकडा बरोबर आहे. २०१९ मध्ये हिस्पॅनिक लोकांचे अपेक्षित आयुर्मान ८१.९ वर्षे होते, तर गोऱ्यांचे ७८.८ वर्षे. उत्पन्न कमी, शिक्षण कमी, विमा नसलेल्यांचे प्रमाण मोठे आणि तरीही आयुष्य अधिक, हे कोडे १९८६ पासून वैद्यकीय लेखनात चर्चिले जात आहे. माझी हरकत आहे ती त्यावरून लेखकाने काढलेल्या निष्कर्षाला, म्हणजे या समाजाचे हृदय ठणठणीत असले पाहिजे, या विधानाला. शिकागोतील मेक्सिकन वस्तीत औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करताना माझ्या समोरून जे रिपोर्ट आणि ज्या गोळ्या जातात, त्यांच्याशी हे विधान जुळत नाही.

या विषयावरचा सर्वात मोठा अभ्यास २००८ ते २०११ या काळात ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो या चार ठिकाणी सुरू झाला. त्यात १८ ते ७४ वयाचे १६ हजारांहून अधिक हिस्पॅनिक स्त्री-पुरुष घेण्यात आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतील ५२ टक्के पुरुषांचे आणि ३७ टक्के स्त्रियांचे कोलेस्टेरॉल वाढलेले होते. त्याहून मला अधिक गंभीर वाटते ती पुढची माहिती: ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले होते त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना त्याचा पत्ताच नव्हता, आणि औषध घेणारे दर दहांत जेमतेम तीन होते. तरुणांमध्ये ही बेफिकिरी अधिक होती. ज्यांना आधीच रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्यांना कोलेस्टेरॉलची माहिती असण्याची शक्यता जास्त होती. ते स्वाभाविकच आहे, कारण दुसऱ्या कोणत्या तरी दुखण्यासाठी दवाखान्याची पायरी चढल्याशिवाय रक्त तपासले जात नाही. वाढलेले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, दुखत नाही, खुपत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत ते वर्षानुवर्षे साचत राहते.

दुकानात हे रोज दिसते. मध्यंतरी छप्परकाम करणारा एक गृहस्थ नवा रिपोर्ट हातात घेऊन आला. एलडीएल १७८ वरून ९६ वर आले होते. आकड्याभोवती त्याने पेनाने गोल काढला होता आणि चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याचा आनंद होता. गोळीची पुढची बाटली मात्र त्याला नको होती, कारण त्याच्या मते दुखणे बरे झाले होते. आकडा गोळीमुळे खाली आला आहे आणि गोळी थांबली की काही आठवड्यांत तो पुन्हा चढेल, हे त्याला कुणी सांगितलेले नव्हते. दवाखान्यात डॉक्टर इंग्रजी बोलणारे, शेजारी दुभाषी म्हणून त्याची शाळकरी मुलगी, आणि भेटीला मिळालेली पंधरा मिनिटे. त्यात हे सांगायचे राहून गेले असावे. अशाच प्रकारे काही जण पाय दुखतात म्हणून, तर काही शेजारणीने निवडुंगाचा रस सुचवला म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, बंद करतात. (निवडुंगाच्या पानांची, म्हणजे नोपालची भाजी मी स्वतः आवडीने खाते, पण ती गोळीची जागा घेत नाही.) ज्यांच्याकडे कागदपत्रे नाहीत त्यांना तर केंद्र सरकारच्या विमा बाजारातून पदरचे पैसे मोजूनही विमा विकत घेता येत नाही, त्यामुळे तपासणीच पुढे ढकलली जाते.

मग हे लोक अधिक जगतात कसे? कारणांबद्दल वाद आहेत, पण एक कारण बऱ्यापैकी मान्य झाले आहे: स्थलांतर करून आलेल्या पिढीत, विशेषतः मेक्सिकन लोकांत, धूम्रपान गोऱ्यांपेक्षा बरेच कमी होते. शिवाय देश सोडून कष्टाच्या कामाला येणारा माणूस मुळात धडधाकट असतो. यातले काहीच पुढच्या पिढीकडे वारशाने जात नाही. अमेरिकेत जन्मलेल्या किंवा येथे दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या हिस्पॅनिक लोकांत हृदयविकाराचे तीन किंवा अधिक धोके एकत्र असण्याचे प्रमाण जास्त आहे, हे त्याच अभ्यासात दिसले. आणि करोनाच्या एकाच वर्षात, २०२० मध्ये, हे आयुर्मान ७७.९ वर घसरले. गोऱ्यांवरची बहुतेक आघाडी त्यात संपली.

लेखकाने आहाराला दिलेले श्रेय अर्धे खरे आहे. घेवड्यातला तंतू एलडीएल कमी करतो आणि चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्याची तोर्तिया हे साधे, चांगले अन्न आहे. पण माझ्या दुकानाच्या रस्त्यावरच्या खाणावळीत तोच घेवडा डुकराच्या चरबीत परतून वाढला जातो आणि ताटाशेजारी अर्धा लिटर गोड सोडा असतो. त्या साखरेपासून यकृत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी एक चरबी, बनवते. मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या वंशात आढळणारा जनुकाचा एक प्रकार तर एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, जन्मतःच कमी ठेवतो. अशा माणसाला नुसते ‘तेलकट खाऊ नका’ सांगून भागत नाही.

शिवाय हा समाज एकजिनसी नाही, आणि लेखात ती जाणीव कुठेच दिसत नाही. त्याच अभ्यासात क्यूबन लोकांत एलडीएल वाढलेले असण्याचे प्रमाण सर्वाधिक आढळले, मध्य अमेरिकेतून आलेल्यांत ट्रायग्लिसराइड जास्त, तर डोमिनिकन लोकांत तेच कमी. धूम्रपान आणि लठ्ठपणा या दोन्हींत पोर्तो रिकोचे लोक पुढे होते. या सर्वांची एक सरासरी काढली तर ती यांपैकी कुणालाच लागू पडत नाही. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये कोलेस्टेरॉलविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही हिस्पॅनिक रुग्णाचा मूळ देश विचारात घ्यावा असे म्हटले आहे.

त्याच दस्तऐवजात दक्षिण आशियाई वंश हा हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवलेला आहे. शिकागोत आपल्या लोकांवरही असाच दीर्घ अभ्यास चालू आहे, आणि कमी एचडीएल, जास्त ट्रायग्लिसराइड, बारीक हातपाय व पुढे आलेले पोट हे चित्र आपल्याला अपरिचित नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळात भेटणारे चाळिशीतले कितीतरी जण ‘आमच्या घरी सगळे नव्वदी गाठतात’ या एका वाक्यावर लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, टाळतात, हेही मी पाहते.

या विषयावर पुन्हा लेख येणार असेल, तर कृपया आयुर्मानाच्या सरासरीबरोबर किती जणांची रक्ततपासणी झाली, किती जणांना आपला आकडा ठाऊक आहे आणि त्यांतील किती जण औषध नियमित घेतात, ही माहिती मूळ देश व वयोगटानुसार द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, शिकागो