जागा कोणाची, हा प्रश्न फलक कोसळण्यापूर्वी सुटावा

महोदय,

वळवाचे दिवस जवळ आले की महापालिकांच्या आकाशचिन्ह व परवाना विभागांकडून, म्हणजे जाहिरात फलकांना परवाने देणाऱ्या विभागांकडून, होर्डिंगधारकांना स्थिरता प्रमाणपत्र (सांगाडा भक्कम असल्याचा अभियंत्याचा दाखला) सादर करण्याचे आवाहन केले जाते, मुदत दिली जाते आणि बहुतेक वेळा ती वाढवूनही दिली जाते. किती जणांनी प्रमाणपत्रे दिली, ती कोणी तपासली आणि न देणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे मात्र त्या फलकाखालून रोज जाणाऱ्या माणसाला कळण्याची कोणतीही सोय नाही. या विषयावर दुर्घटनेनंतर पुष्कळ लिहिले जाते. सध्या तसे काही घडलेले नाही, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजारालगतच्या शाहीर अमर शेख चौकात रेल्वेच्या जागेवरील होर्डिंगचा सांगाडा उतरवला जात असताना तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे महामार्गाच्या सेवा रस्त्यालगत विनापरवाना उभारलेला फलक वादळी पावसात पडून, त्याच्या आडोशाला थांबलेल्या पाच जणांचा मृत्यू झाला. त्यांत चार महिला होत्या. त्यानंतर जेमतेम तेरा महिन्यांत, १३ मे २०२४ रोजी, घाटकोपरच्या छेडानगर परिसरात पेट्रोल पंपावर कोसळलेल्या महाकाय फलकाने १७ बळी घेतले. पहिल्या घटनेत जागा रेल्वेची होती, दुसरीत महामार्गाची कड होती आणि तिसरीत लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जमीन होती. शहर एकच असले तरी त्यातील जमिनीचे मालक अनेक असतात आणि दोन मालकांमधल्या फटीत नेमका फलक उभा राहतो, हे या तिन्ही ठिकाणांवरून दिसते.

घाटकोपरचे उदाहरण थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. मुंबई महापालिकेच्या धोरणानुसार फलकाचा कमाल आकार ४० फूट बाय ४० फूट, म्हणजे १,६०० चौरस फूट होता. कोसळलेला फलक १२० बाय १४० फुटांचा, म्हणजे मर्यादेच्या साडेदहा पट होता. एवढी वस्तू द्रुतगती महामार्गावरून कोणाला दिसली नाही, असे म्हणता येत नाही. महापालिकेचे म्हणणे असे की आमची परवानगीच घेतलेली नव्हती आणि लोहमार्ग पोलिसांच्या बाजूचे म्हणणे असे की या जागेवर त्या परवानगीची गरजच नव्हती. दुर्घटना घडल्यानंतर मात्र काही दिवसांतच महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चा आधार घेऊन रेल्वेच्या हद्दीतील मर्यादेपेक्षा मोठे फलक हटवण्याच्या नोटिसा बजावल्या. कायदा २००५ चा आहे. जो अधिकार १७ माणसे गेल्यावर सापडला, तो १२ मे रोजीही कायद्याच्या पुस्तकात होताच. त्यामुळे अधिकार अपुरे पडतात हे प्रशासनाचे नेहमीचे उत्तर मला पटत नाही.

दुसरा मुद्दा प्रमाणपत्राच्या कागदाचा. वाऱ्याचा भार मोजण्यासाठी भारतीय मानक ८७५ मध्ये मुंबईकरिता सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, आणि पुण्याकरिता सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर हा मूळ वेग धरलेला आहे. घाटकोपरच्या फलकाचा पाया ताशी ४९ किलोमीटरच्या वाऱ्यापुरताच होता, असे मुंबईतील ‘व्हीजेटीआय’ या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांच्या पाहणीत निघाले. तरीही त्याच्यासाठी स्थिरता प्रमाणपत्र दिले गेले होते आणि ते देणाऱ्या अभियंत्याला पुढे अटक झाली. ज्याचा फलक, त्यानेच निवडलेला आणि त्यानेच मानधन दिलेला अभियंता प्रमाणपत्र देणार आणि महापालिका ते फाइलला लावणार, ही पद्धत बदलल्याशिवाय नुसती मुदत देऊन उपयोग नाही. तपासणारा अभियंता महापालिकेने पॅनेलवरून चिठ्ठी काढून नेमावा, त्याचे शुल्क परवानाधारकाकडून घेऊन महापालिकेमार्फत द्यावे आणि परवाना शुल्काच्या वसुलीचे उद्दिष्ट ज्या विभागाला दिलेले आहे, त्याच विभागाकडे सांगाड्याची तपासणी ठेवू नये. वसुली चांगली झाली की कौतुक होते. फलक उतरवला की उत्पन्न घटते. हा ताण कर्मचाऱ्यांवर टाकणेच चुकीचे आहे.

आता सुशासनाचा प्रश्न. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षे, कारभार प्रशासकांकडे होता. किवळ्याची घटना याच काळातली. त्या वेळी सर्वसाधारण सभा भरत नव्हती, त्यामुळे जाब कोणी कोणाला विचारायचा हेच ठरलेले नव्हते. लोकनियुक्त सभागृह असले म्हणजे फलक पडत नाहीत असे मुळीच नाही (२०१८ मध्ये पुण्यात ते होतेच), परंतु प्रश्न विचारण्याची जागा तरी असते. आता नगरसेवक आले आहेत. प्रभाग मात्र जवळपास सगळे चार सदस्यांचे आहेत आणि चौघांच्या प्रभागात ‘ते माझ्याकडे येत नाही, दुसऱ्यांना भेटा’ हे उत्तर नागरिकांच्या चांगले परिचयाचे आहे. वरच्या पातळीवर जे रेल्वे, महामार्ग, एमआयडीसी आणि कटक मंडळ यांच्यात घडते, तेच खाली प्रभागात घडू नये.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या आणि राज्याने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्र सभेची, म्हणजे त्या भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद केली, जी बहुतेक शहरांत कागदावरच राहिली आहे. दरवर्षी मार्चमध्ये प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने आपल्या हद्दीतील सर्व फलकांची यादी प्रभाग समितीपुढे ठेवावी आणि कार्यालयाबाहेर लावावी. तीत जागेचा मालक, परवानाधारक, फलकाचा आकार, परवान्याची मुदत, तपासणाऱ्या अभियंत्याचे नाव आणि तपासणीची तारीख असावी. जागा कोणत्याही खात्याची असली तरी फलक यादीत आलाच पाहिजे. हीच माहिती सांगाड्याच्या पायथ्याशी माणसाच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेली असावी. बाह्यवळण मार्गालगतच्या एका फलकाचा परवाना क्रमांक वाचण्याचा प्रयत्न मी नुकताच केला. पाटी पंधरा-वीस फूट उंचीवर, अक्षरे उन्हाने उडालेली; खाली पायाच्या लोखंडी पट्टीवरचे दोन नट गंजून फुगलेले, आणि त्या खांबालाच दोरी बांधून उसाच्या रसाचे गुऱ्हाळ चाललेले. गुऱ्हाळवाल्याला सावली हवी होती, फलकवाल्याला रस्ता. तो खांब कोणी आणि कधी तपासला, हे मात्र तिथे उभे राहून कळण्यास मार्ग नव्हता.

अग्निसुरक्षेबाबतही हीच यादी वाढवता येईल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाप्राप्त संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन सादर करायचे असते. रुग्णालय, शाळा, मॉल किंवा मंगल कार्यालय यांनी ते दिले आहे की नाही, एवढेच ‘हो’ किंवा ‘नाही’ असे छापले तरी पालक, रुग्णांचे नातेवाईक आणि विमा कंपन्या आपले निर्णय घेतील.

यादीत आणखी एक रकाना असावा, असे सुचवतो: ज्या फलकाला नोटीस दिली पण कारवाई झाली नाही, त्याच्यापुढे नोटिशीची तारीख आणि कारवाई थांबवण्याचे कारण लिहावे. न्यायालयाची स्थगिती असेल तर तसे लिहावे, दुसऱ्या खात्याचे पत्र यायचे असेल तर त्या खात्याचे आणि तेथील अधिकाऱ्याच्या पदाचे नाव लिहावे. प्रभाग समितीच्या पुढच्या बैठकीत तो रकाना सर्वांत आधी वाचला जावा, आणि तो वाचण्याचे काम अधिकाऱ्यांवर न सोडता प्रभागातील चारही नगरसेवकांनी आळीपाळीने करावे.

– एक करदाता वाचक, पुणे