मायक्रोस्कोप रूमच्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं ते माझं कामच आहे" म्हणून विषय उडवून लावता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी जिआर्डियावर काम करते, दूषित पाण्यातून पोटात जाऊन जुलाब लावणारा परजीवी, लांबी जेमतेम 12 ते 15 मायक्रॉन, दोन केंद्रकं, आठ फ्लॅजेला (पोहायला लागणाऱ्या चाबकासारख्या शेपट्या) आणि पोटाच्या बाजूला एक डिस्क, जिच्या जोरावर तो आतड्याला घट्ट धरून बसतो. ही डिस्क ज्या प्रोटीन्सवर उभी आहे त्यातलं एक नेमकं कुठे बसतं ते मला बघायचं होतं. जीएफपी, म्हणजे स्वतःच हिरवं चमकणारं प्रोटीन, लावणं इथे अवघड, कारण त्याला चमक यायला ऑक्सिजन लागतो आणि हा पठ्ठ्या कमी ऑक्सिजनमध्येच वाढतो, म्हणून मग एचए टॅग (प्रोटीनला जोडलेली छोटीशी खूण), पेशी फिक्स करा (रसायनाने आहेत तशा स्थिर करा), ट्रायटन नावाच्या डिटर्जंटने पडद्याला भोकं पाडा, ती खूण पकडणारी प्रायमरी अँटिबॉडी, मग तिला पकडणारी, हिरवा चमकणारा रंग लावलेली सेकंडरी, असा सगळा खटाटोप.

हिरवं चमकलं तेव्हा आमची अख्खी लॅब खूश होती. तुम्ही मात्र शांतपणे टॅग नसलेल्या पेशींची, म्हणजे कंट्रोलची, स्लाइड मागितलीत, तीच अँटिबॉडी, तोच लेझर, गेनला (सिग्नल किती वाढवून दाखवायचा त्या सेटिंगला) हात लावायचा नाही. ती काळीकुट्ट आली तेव्हा कुठे म्हणालात, "हं, आता बघू."

आणि मग जे दाखवलंत ना! पेशी डिस्कनेच काचेला चिकटते, म्हणून फोकस काचेपासून सुरू करून हळूहळू वर नेलात, स्क्रीनवर आधी हिरवी डिस्क उमटली, ती विरत गेली तशी दोन निळी केंद्रकं वर आली. ट्युब्युलिन या दुसऱ्या प्रोटीनला लाल रंग दिला होता, तो डिस्कमध्ये हिरव्यावर येऊन पिवळा झाला, तेव्हा तुम्हीच समजावलंत की दोघं एका सोसायटीत राहतात एवढंच कळलं, एका घरात का ते नाही, साधारण 200 नॅनोमीटरच्या आतलं हा मायक्रोस्कोप वेगळं दाखवू शकत नाही. हे इतकं सोपं करून मला कुणीच सांगितलं नव्हतं.

माझा स्लॉट केव्हाच संपला होता, तुमची ठाणे लोकल गेली, तरी लेझर चालू ठेवलात. शेवटी लेन्सवरचं ऑइल लेन्स पेपरने स्वतः टिपून मगच निघालात.

थिसिसमध्ये तो फोटो आहे आणि आभारात तुमचं नाव, नको म्हणू नका. पुढच्या आठवड्यात आमची ज्युनिअर येतेय, तिच्याकडेही आधी कंट्रोलची स्लाइड मागा.