कादंबरी वाचून दाखवा, तिचे धडे पाडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांत चौथी-पाचवीला ई. बी. व्हाइट यांची ‘शार्लट्स वेब’ ही कादंबरी पूरक वाचनाला लावतात. निवड उत्तम आहे. १९५२ सालची ही अमेरिकन गोष्ट: विल्बर नावाच्या डुकराच्या पिल्लाला कापले जाण्यापासून वाचवण्यासाठी शार्लट ही कोळी-मैत्रीण आपल्या जाळ्यात शब्द विणते. पण २२ प्रकरणांचे २२ धडे पाडले जातात. प्रत्येकाखाली शब्दार्थ, गाळलेल्या जागा आणि शेवटी ‘या कथेतून काय बोध मिळतो?’ हा प्रश्न. ‘मैत्री’ हे उत्तर फळ्यावरून वहीत उतरते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना अख्खी कादंबरी ऐकण्याचा जो आनंद मिळू शकतो, तो अशाने हातचा जातो, म्हणून हे पत्र.

पूर्ण पुस्तक मोठ्याने वाचायला चार-साडेचार तास लागतात. ३५ मिनिटांच्या तासिकेत २० मिनिटे वाचन, १० मिनिटे गप्पा आणि ५ मिनिटे वही असे धरले, तर आठवड्याला दोन याप्रमाणे १६ तासिकांत ते आरामात संपते. वाचायचे शिक्षकांनीच. पाळीपाळीने एकेक परिच्छेद वाचून घेतला की अडखळणारे मूल ओशाळते आणि बाकीची मुले आपला परिच्छेद कोणता येणार ते मोजत बसतात. गोष्ट कोणीच ऐकत नाही. मुलांना वाचायला द्यायचेच असेल, तर ऐकून झालेल्या प्रकरणातले संवाद द्यावेत. गोठ्यातली हंसीण प्रत्येक शब्द दोन-तीनदा उच्चारते. तिचे बोलणे अडखळत वाचणाऱ्या मुलाला आवर्जून द्या, तिथे अडखळणे शोभून दिसते.

प्रकरणे सारखी वाटू नयेत. पहिल्या प्रकरणाची सुरुवातच कुऱ्हाडीने होते. पिल्लाला वाचवणारी मुलगी फर्न त्याला बाटलीने दूध पाजते तिथपर्यंत पोहोचल्याशिवाय घंटा होऊ देऊ नका, नाहीतर मुले फक्त भीती घरी नेतात. शार्लट प्रथम समोर येते त्या पाचव्या प्रकरणाला पूर्ण तासिका द्यावी. चौदावे आणि पंधरावे एकाच दिवशी उरकावे, तिथे कथा संथ होते.

कल्पनारम्य कादंबरी शिकवताना सर्वांत जास्त चुकतो तो ‘हे खरे का खोटे?’ हा प्रश्न. डुक्कर बोलत नाही, हे मुलांना माहीतच असते. विचारायचे ते असे: या गोष्टीच्या जगात काय चालते आणि काय चालत नाही? वर्गाच्या भिंतीवर मोठा कागद लावून त्याचे दोन रकाने करावेत आणि प्रत्येक तासिकेनंतर एखादी ओळ वाढवावी. प्राणी एकमेकांशी बोलतात: चालते. मोठ्या माणसांना ते समजते: चालत नाही. आठ वर्षांच्या फर्नला समजते: चालते. विल्बर शेपटीला दोरी बांधून जाळे विणू पाहतो: चालत नाही, धपकन पडतो. शार्लटला लिहिता येते, पण शब्द आणायला टेम्पलटन हा उंदीर लागतो आणि तो फुकट काही करत नाही. पाच-सहा तासिकांत मुलांच्याच लक्षात येते की इथे मनात आले म्हणून काहीही घडत नाही.

अकराव्या प्रकरणात जाळ्यात पहिले शब्द उमटतात. सगळे गाव म्हणते, डुक्कर असामान्य आहे. विल्बरच्या मालकाची बायको, एकट्या मिसेस झुकरमन म्हणतात की असामान्य तर कोळी दिसतो. इथे पुस्तक मिटून मुलांना विचारावे, ‘कोणाचे बरोबर?’ दहा मिनिटे पुरत नाहीत. चौदाव्या प्रकरणात डॉक्टर डोरियन सांगतात की शब्द राहू द्या, कोळ्याने कोणी न शिकवता जाळे विणले हाच चमत्कार आहे. तेव्हा हीच चर्चा पुन्हा काढता येते.

भाषेची अडचण मात्र आपली आहे. ‘डुक्कर’ ही मराठीत शिवी आहे. काही मुलांच्या वस्तीत डुकरे पाळतात, काहींच्या घरी त्यांचे नावही काढत नाहीत. पहिल्याच दिवशी हे मोकळेपणाने बोलावे आणि नंतर पूर्ण पुस्तकभर ‘विल्बर’च म्हणावे. वसंतात पाळलेले डुक्कर हिवाळ्यात मांसासाठी कापतात, हेही सरळ सांगावे. कोण काय खातो यावर वाद लावू नये. दुसरी गंमत शार्लटची. ‘कोळी’ पुल्लिंगी, आणि ‘कोळीण’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे मासळीची पाटी येते. मराठी माध्यमाच्या वर्गात गोष्ट मराठीतून सांगतानाही ‘शार्लट’ हे नावच वापरावे.

कठीण शब्दांचे अर्थ आधी देऊ नयेत. ‘सॅल्युटेशन्स’ म्हणजे काय हे शार्लट स्वतः विल्बरला सांगते. पुढे ‘सेडेंटरी’, ‘गलिबल’ हे शब्दही गोष्टीतच उलगडतात. तिने अर्थ सांगण्याच्या एक ओळ आधी थांबा आणि मुलांना अंदाज बांधू द्या.

वहीकाम एवढेच पुरे: टेम्पलटनप्रमाणे प्रत्येकाने आठवडाभरात वेष्टनांवरून आणि जुन्या वर्तमानपत्रांतून तीन शब्द कापून आणायचे. ४० मुलांचे १२० शब्द होतात. पाच-पाचच्या गटाने त्यांतून विल्बरसाठी एकच शब्द निवडायचा आणि बाकीचे का नाकारले ते लिहायचे. उंदराने आणलेला ‘क्रंची’ शार्लट नाकारते, कारण तो वाचून झुकरमनला विल्बरचे खमंग मांस आठवेल. आपल्या चिवड्याच्या पाकिटावर ‘कुरकुरीत’ असतेच. तो शब्द हमखास येतो, आणि कोणीतरी मूल कारण न सांगताच ओळखते.

वाचन ऑगस्टमध्ये सुरू केले तर आणखी एक लाभ. पावसाळ्यात कुंपणावर, झुडपांत मोठे गोल जाळे आणि मधोमध पांढरी नागमोडी नक्षी काढणारा कोळी आपल्याकडे दिसतो. त्याला इंग्रजीत ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात. आठ पाय जोडीजोडीने फुलीसारखे ठेवून मध्यभागी बसलेली मोठी असते ती मादी, नर तिच्या मानाने अगदी लहान. चार पावलांवरून, हात न लावता पाहावे. अकराव्या प्रकरणानंतर हे दाखवले की मुले जाळ्यावरची अक्षरे शोधू लागतात. चित्रपट (१९७३ आणि २००६) मात्र पुस्तक संपल्यावरच दाखवावा. आधी पाहिला की प्रत्येकाच्या मनातली शार्लट पुसली जाते.

एकविसाव्या प्रकरणात शार्लट मरते, जत्रेच्या रिकाम्या मैदानावर, एकटी. ते शनिवारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी वाचू नये. त्या आठवड्यात तासिका उसनी घेऊन एकविसावे आणि बाविसावे लागोपाठच्या दोन दिवशी ठेवावे. शिक्षकांनी ते पान आदल्या रात्री दोनदा मोठ्याने वाचावे. स्वतः व्हाइट यांना या पुस्तकाच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी ते पुन्हा पुन्हा वाचावे लागले होते, वर्गात आवाज भरून आला तर बिघडत नाही. त्या दिवशी प्रश्न नको, वही नको. कोणी रडले तर रडू द्यावे.

दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणात शार्लटची ५१४ पिल्ले जन्मतात आणि तीन सोडून बाकी सगळी रेशमाच्या धाग्यावर वाऱ्याबरोबर निघून जातात. ‘शार्लटला जादूने का नाही वाचवले?’ असे कोणीतरी विचारेलच. उत्तर शिक्षकांनी देऊ नये. भिंतीवरच्या कागदाशी मुलांना न्यावे आणि शेवटची ओळ त्यांनाच लिहू द्यावी.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका