गुरुवारची मीटिंग

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर घाईत काही नीट बोलता येत नाही, मुलं मध्येच ओढून घेतात, म्हणून आज निवांत टाइप करत बसलेय. बाहेर परवापासून बर्फ पडतंय, गाडी काढायलाच अर्धा तास लागला दुपारी, तरी मीटिंग चुकवली नाही. या आठवड्यात २३ फेब्रुवारी आहे ना, बाबा तुम्हाला वेगळं सांगायला नको, रोटरीचा, तुमच्या गुरुवारच्या क्लबाचा, वाढदिवस. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये केक कापला, आणि मला सारखं आपलं कराडचं घर डोळ्यासमोर येत होतं, म्हणजे गुरुवारी रात्री तुमची वाट बघत बसलेली आई आणि ताटाखाली झाकून ठेवलेल्या पोळ्या.

मी इथल्या क्लबात जायला लागले ते गेल्या वर्षी, हे सांगितलंच होतं. पण मीटिंग कशी असते ते कधी सांगितलं नाही. दर बुधवारी बरोबर सव्वाबाराला घंटा. अगदी तुमच्या क्लबातल्यासारखीच पितळी घंटा, लाकडी हातोडीने वाजवतात. मग झेंड्याकडे तोंड करून प्रतिज्ञा, मग एक गाणं! पहिल्या दिवशी मला काही कळेना, ही सत्तर-सत्तर वर्षांची माणसं उभी राहून मोठ्यांदा गातायत, सूर इकडेतिकडे, कुणाला त्याचं काही नाही. नंतर कळलं की ही पद्धत हॅरी रगल्स नावाच्या प्रिंटरने पाडली, पहिल्या चार जणांनंतर क्लबात आलेला पाचवा माणूस तो. मीटिंग रटाळ व्हायला लागली की सगळ्यांना गायला लावायचा. मग एक बरणी फिरते, हॅपी डॉलरची. ज्याच्याकडे काही चांगली बातमी असेल त्याने डॉलर टाकायचा आणि बातमी सांगायची. माझ्या शेजारी एक आजोबा बसतात, दर वेळी नोटेची चार पदरी घडी घालून टाकतात. नातवाला नोकरी लागली, बायकोचा रिपोर्ट चांगला आला असं सांगायचे. बायको गेल्यानंतर दोन आठवडे आले नाहीत, तिसऱ्या आठवड्यात आले, डॉलर टाकला आणि म्हणाले, आज इथे आलोय एवढंच. कुणी काही बोललं नाही, पण जेवताना त्यांच्या आजूबाजूची एकही खुर्ची रिकामी राहिली नाही.

बाबा, हे सगळं सुरू झालं ते शिकागोत, मी राहते तिथून तासाभराच्या अंतरावर. रोटरी सुरू करणारा पॉल हॅरिस वकील होता हे तुम्हाला माहिती आहेच, पण मी वाचायला लागले तेव्हा मला त्याचं एकटेपण जास्त लागलं. लहानपण व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड नावाच्या छोट्या गावात आजी-आजोबांकडे गेलं, वकिलीचं शिक्षण झाल्यावर पाच वर्षं नुसता देशभर फिरला, पेपरात बातमीदार झाला, फळं तोडली, जनावरांच्या बोटीवर काम केलं, आणि १८९६ साली शिकागोत ऑफिस थाटलं. काम मिळत होतं, ओळखीचं माणूस मात्र नव्हतं. रविवार आणि सणाचे दिवस त्याला खायला उठायचे. मग १९०० च्या सुमाराला एका वकील मित्राकडे जेवायला गेला, जेवण झाल्यावर दोघं पाय मोकळे करायला बाहेर पडले, तर तो मित्र रस्त्यातल्या एकेका दुकानदाराला नावाने हाक मारून बोलतोय. हॅरिसला आपलं गाव आठवलं. गावासारखी माणसं शहरात का जमवू नयेत, हा विचार त्याने पुढे पाच वर्षं मनात ठेवला.

२३ फेब्रुवारी १९०५, गुरुवार (तुमचाच वार बघा!). डिअरबॉर्न स्ट्रीटवरच्या युनिटी बिल्डिंगमध्ये खोली नंबर ७११. ते ऑफिस गुस्टाव लोअर या खाणीच्या इंजिनीअरचं. सोबत सिल्व्हेस्टर शील, कोळशाचा व्यापारी, आणि हायरम शोरी, शिंपी. चार जण, चार धंदे, एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा म्हणजे स्पर्धा नको. मीटिंग पाळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात फिरायची, त्यावरून रोटरी. आणि ज्याच्या डोक्यातून हे निघालं तो काही पहिला प्रेसिडेंट झाला नाही, तो मान शीलला दिला, हे मला फार आवडलं. दोघं शेवटपर्यंत मित्र राहिले, शिकागोच्या माउंट होप दफनभूमीत शेजारी शेजारीच आहेत.

पण सेवा सुरुवातीला नव्हतीच! एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं आणि सोबत जेवायचं, एवढंच. १९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंट वकिलाला बोलावलं तर तो म्हणाला की नुसतं आपल्यापुरतं पाहणारा क्लब मला नको, गावासाठी काही करत असाल तर येतो. त्यातून पुढे पहिलं मोठं काम उभं राहिलं ते सार्वजनिक संडासाचं. मला हे वाचून इतकं बरं वाटलं, कारण संडास म्हणजे फोटो काढायचं काम नाही. विरोध पण झाला, दारूवाले म्हणायचे पुरुषांसाठी आमचे गुत्ते आहेत, मोठी दुकानं म्हणायची बायकांसाठी आमच्याकडे सोय आहे, म्हणजे काहीतरी विकत घ्याल तर आत या. क्लब दोन वर्षं मागे लागला आणि १९०९ मध्ये सिटी हॉलजवळ संडास बांधून झाले. आपल्याकडे बाजाराला आलेल्या बाईचे अजून काय हाल होतात ते आई तुला मी सांगायला नको.

आणि बाबा, तुमचं ज्यांच्याशी नेत्र शिबिराच्या तारखेवरून वाजायचं ते लायन्स क्लबवाले पण शिकागोचेच! मेल्विन जोन्स, विम्याच्या धंद्यातला माणूस, १९१७ साल. डोळ्यांचं काम त्यांनी धरलं ते १९२५ मध्ये हेलन केलरबाईंनी, त्या अंध आणि बहिऱ्या लेखिकेने, लायन्सच्या अधिवेशनात येऊन तसं मागितलं म्हणून.

आई, आता तुझ्याशी. मेंबरची बायको म्हणून तुला सगळे रोटरी अ‍ॅन म्हणायचे आणि मी मुलगी म्हणून अ‍ॅनेट. तुला तुझं नाव असून. १९९५ च्या डिसेंबरात पहिला पल्स पोलिओ झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते, बाबा मेडिकल बंद ठेवून बूथवर आणि तू पहाटेपासून बर्फाच्या डब्याशी, थंडावा गेला की लस गेली म्हणून झाकण सारखं उघडू देत नव्हतीस. मी पोरांच्या डाव्या करंगळीवर शाई लावायचे. एक बाई मुलाला घेऊन परत निघाली होती, आमच्या पोराला काही झालं नाही म्हणत, तू तिच्यामागे पार कोपऱ्यापर्यंत गेलीस आणि घेऊन आलीस. ते काम तू केलंस आणि क्लबाच्या यादीत नाव बाबांचं होतं. बायकांना मेंबर करायचं १९८९ मध्ये ठरलं, ते सुद्धा कॅलिफोर्नियातल्या दुआर्तेच्या क्लबाने तीन बायका घेतल्या, त्याबद्दल त्यांनाच काढून टाकलं आणि प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं तेव्हा. इथे मी माझ्या नावावर मेंबर आहे. पहिल्यांदा बिल्ला लावला तेव्हा तुझा हात आठवला, बर्फाने लाल झालेला.

भारतातला शेवटचा पोलिओचा पेशंट सापडला तो १३ जानेवारी २०११ ला, हावड्याची दोन वर्षांची मुलगी. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. गेल्या महिन्यात क्लबात मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं तेव्हा मी कराडचा बूथ सांगितला, करंगळी दाखवून सांगितला. ते चार पदरी नोटवाले आजोबा नंतर जवळ आले, म्हणाले मी इथून चाळीस वर्षं रोटरीच्या पोलिओच्या कामाला पैसे देतोय, आज पहिल्यांदा कळलं ते कुठे पोचले. माझ्या डोळ्यात पाणी आलं, त्यांच्याही.

बाबा, तुम्ही पाटणकडून कराडला दुकान टाकायला आलात तेव्हा तुम्हाला तिथे कोण ओळखत होतं? हे मी कधी विचारलंच नाही. आई गुरुवारी चिडायची, मी पण तिच्या बाजूने असायचे. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मला बिल्डिंगमधल्या शेजारणीचं नावसुद्धा माहीत नव्हतं, शनिवार-रविवार अंगावर यायचे, तेव्हा तुमचा गुरुवार मला समजला. आता वाण्याच्या दुकानात दोघं-तिघं मला नावाने हाक मारतात. उच्चार चुकतो, पण मारतात.

एक काम आहे. तुमच्या कपाटात वरच्या खणात क्लबाचे छोटे झेंडे असतील, त्यातला एक हवाय, इथे दुसऱ्या गावच्या क्लबांचे झेंडे भिंतीवर लावतात आणि कराडचा नाहीये. मावशीचा सुहास मे महिन्यात येणार आहे त्याच्याकडे द्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, घडी न घालता. आणि आई, गोडा मसाला पण त्याच पिशवीत, जास्त नको, अर्धा किलो.

तुमची,
मनू