डायपर आणि हातमोज्यांचा ताळा लावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृद्धाश्रमाची तपासणी असते त्या दिवशी लादी चकचकीत असते, चादरी पालटलेल्या असतात आणि फिनेलचा वास फाटकापर्यंत येतो. सामानाचे कपाट मात्र क्वचितच उघडून पाहिले जाते. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७' च्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे. आश्रमांतील सेवांचा दर्जा ठरवून देण्याचा अधिकारही त्याच कलमाने राज्य सरकारला दिला आहे. आमची मागणी एवढीच, की स्वच्छतेचा दर्जा 'स्वच्छता राखावी' अशा मोघम शब्दांत न सांगता माणशी डायपर आणि हातमोजे किती नग, असा लिहून द्यावा.

हिशेब अवघड नाही. ४० जणांचा आश्रम धरा. त्यांतले १२ जण अंथरुणाला खिळलेले किंवा लघवी-शौचावर ताबा नसलेले. प्रत्येकाला दिवसा तीन आणि रात्री एक, असे चार डायपर लागतात. म्हणजे रोज ४८, महिन्याला १,४४०. कुणाला जुलाब लागले तर हा आकडा चुकतो, म्हणून दहा टक्के वाढवून साधारण १,६०० मागवावेत. आता हातमोजे. दर बदलाला नवा जोड घ्यायचा, म्हणजे रोज ९६ मोजे. १०० नगांचा एक बॉक्स दिवसाला संपलाच पाहिजे. महिन्याच्या बिलांत डायपर १,४४० आणि मोज्यांचे बॉक्स सहाच दिसत असतील, तर एकेक जोड जवळपास पाच वेळा वापरला गेला. वेगळा पुरावा लागत नाही. कुणी मुद्दाम हलगर्जीपणा करते असेही नाही. मोजेच नसतील तर मावशींनी करायचे काय? त्या मोज्यांसकट हात धुतात, मोज्यांवरच सॅनिटायझर चोळतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. मोज्यांना बारीक छिद्रे पडतात, आणि एका आजींच्या बेडसोअरमधले (पडून राहून झालेल्या जखमेतले) जंतू शेजारच्या आजोबांच्या कॅथेटरपर्यंत (लघवीच्या नळीपर्यंत) पोहोचतात. मोजे काढल्यावरही हात धुवायचेच. जुलाबाच्या रुग्णाजवळून आल्यावर सॅनिटायझर पुरत नाही, कारण काही जिवाणूंचे बीजाणू त्याने मरत नाहीत. तिथे साबण-पाणीच हवे, पाऊण मिनिट तरी.

दुसरी गोष्ट किल्लीची. सामान 'जास्त उडू नये' म्हणून कपाटाला कुलूप असते आणि किल्ली घेऊन व्यवस्थापक संध्याकाळी घरी जातात. रात्रपाळीला मोजून दिलेले डायपर पहाटे दोनला संपले, की तोच ओला डायपर सकाळपर्यंत राहतो. कातडी भिजते, लाल होते, सोलवटते आणि माकडहाडावर व्रण सुरू होतो. तो भरून यायला महिने लागतात, आणि त्याच्या ड्रेसिंगचा खर्च वाचवलेल्या डायपरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. यावर काही ठिकाणी एकावर एक दोन डायपर लावतात. त्याचा उपयोग शून्य. आतल्या डायपरची पाठ प्लास्टिकची असते, त्यामुळे ओल बाहेरच्या डायपरपर्यंत पोहोचतच नाही. ती मांडीजवळून गळते आणि आत नुसता उबारा वाढतो. सगळ्यांसाठी सरसकट मोठी साईज मागवली, तरी गळती तिथूनच होते. कंबर आणि नितंब टेपने मोजून प्रत्येकाची साईज खाटेवरच्या कार्डावर लिहावी. झिंक ऑक्साइडचे मलम अगदी पातळ लावावे. जाड थर दिला तर ते डायपरला चिकटते आणि त्याची शोषण्याची ताकद कमी होते. टाल्कम पावडर टाळावी, घामात तिच्या गुठळ्या होऊन कातडी घासते.

हायपोच्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाच्या बाबतीत चुका जास्त होतात, आणि त्या जिवावर बेतणाऱ्या असतात. कॅनवर ५ टक्के लिहिले असेल, तर लादीसाठी १० लिटरच्या बादलीत २०० मिली पुरते. रक्त किंवा जुलाब सांडले असतील तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी, पण आधी घाण टिपून उचलायची आणि मग द्रावण टाकून दहा मिनिटे ठेवायचे. घाणीवरच ओतले तर क्लोरिन त्या घाणीतच खर्ची पडतो. द्रावण रोज नवे करावे. पारदर्शक बाटलीत खिडकीत ठेवलेल्या हायपोचा वास राहतो, जोर राहत नाही. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नये. विषारी क्लोरिन वायू होतो आणि बंद न्हाणीघरात त्याने माणूस गुदमरतो. फिनेलच्या वासावर स्वच्छता जोखणे तर सोडूनच द्यायला हवे.

चादरींचे तीन संच असावेत : एक खाटेवर, एक धुण्यात, एक कपाटात. जून ते सप्टेंबर हे गणित कोलमडते, कारण कोकणात किंवा महाबळेश्वरला चादर तीन-तीन दिवस वाळत नाही. तिथे पाच संच किंवा ड्रायर हवा. दमट चादर घातली की खाज सुरू होते, आणि ती बुरशी आहे की खरूज हे कळेपर्यंत अर्धा आश्रम खाजवत असतो. खरजेचे मलम एकट्या रुग्णाला लावून भागत नाही. सगळे रहिवासी आणि कर्मचारी यांना एकाच दिवशी, आणि आठवडाभराने पुन्हा. तेवढ्या ट्यूब एकदम आणायला पैसे नसतात, म्हणून खरूज वर्षभर फिरत राहते.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. घनकचरा नियमांत वापरलेले डायपर आणि अंडरपॅड (खाटेवर अंथरायचे शोषक पॅड) यांची स्वच्छताविषयक कचरा म्हणून वेगळी नोंद आहे. ते कागदात घट्ट गुंडाळून, पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी रुजवलेल्या पद्धतीप्रमाणे वर लाल ठिपका काढून द्यावेत. इन्सुलिनच्या सुया मात्र कधीच त्यात नकोत. त्यांना भोक न पडणारा पांढरा डबा हवा.

समाजकल्याण खात्याने तपासणीच्या नमुन्यात चारच रकाने वाढवावेत : डायपर लागणारे रहिवासी किती, महिन्यात डायपर किती घेतले, मोजे किती घेतले, आज शिल्लक किती. शिल्लक दहा दिवसांपेक्षा कमी, म्हणजे वरच्या उदाहरणात ४८० डायपर आणि दहा बॉक्सच्या खाली असेल, तर तशी नोंद व्हावी. पितृपक्षात आणि वाढदिवसाला आश्रमात जेवणावळी होतात, ब्लँकेटांचे ढीग पडतात. त्या दात्यांनी देण्याआधी एक फोन करून कोणत्या साईजचे मोजे संपत आले आहेत ते विचारावे. आणि आई-वडिलांना भेटायला जाणाऱ्या मुलांनी रात्री कपाटाची किल्ली कोणाजवळ असते, हे जरूर विचारावे.

आपल्या,
वृद्धसेवेत काम करणाऱ्या काही परिचारिका, पुणे