हिरवं कुलूप वर्गात उघडून दाखवा

मा. संपादक,

मी नागपुरात तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवते आणि बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनावर पीएच.डी. करते आहे. गेल्या मे महिन्यात एका परदेशी नियतकालिकातला बावीस पानांचा लेख हवा होता. किंमत साडेतीन हजार रुपये! उन्हाळ्यात तासिका नसतात, म्हणजे मानधनही नसतं. तीन आठवडे प्रबंधाचं एक प्रकरण अडून राहिलं. मग एका मैत्रिणीने माझ्या ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ टाकून दिलं; लेखाची मोफत, कायदेशीर प्रत कुठे असेल तर ते शोधून देणारं हे एक जोडसाधन. तेच पान पुन्हा उघडलं, तर कडेला हिरवं, उघडं कुलूप. त्यावर क्लिक केलं आणि लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या संग्रहात ठेवलेली प्रत समोर आली. रीतसर आणि फुकट. पृष्ठक्रमांक छापील अंकाशी जुळत नाहीत, तेवढं संदर्भ देताना सांभाळावं लागतं.

मग मी शोधतच सुटले. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश १९९५ पासून सर्वांना खुला आहे. त्यात नागार्जुनावर स्वतंत्र नोंद आहे, आणि नोंदीखालची संदर्भसूची म्हणजे माझ्यासाठी वर्षभराची शिदोरी. नागार्जुनाच्या मूळ संस्कृत कारिका, म्हणजे त्याचे सूत्रमय श्लोक, जर्मनीतल्या ‘ग्रेटिल’ संग्रहात रोमन लिपीत मिळाल्या. पुणे विद्यापीठाच्या ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’चे जुने अंकही नेटवर आहेत. आपल्याच विषयावर आधी कोणी काय लिहिलं, हे ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या खुल्या संग्रहात पाहता येतं. विषय नोंदवण्याआधी मला हे माहीत असतं, तर पहिला आराखडा बदलावा लागला नसता.

संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना २०२५ मध्ये सुरू झाली, पण ती शासकीय संस्थांसाठी. माझं संशोधन केंद्र खासगी महाविद्यालयात आहे, त्यामुळे आम्हाला या खुल्या साधनांचाच आधार. यूजीसीच्या संशोधन नीतिमत्तेच्या अभ्यासक्रमात मुक्त प्रकाशनाचा, म्हणजे सर्वांना फुकट वाचता येणाऱ्या प्रकाशनाचा, घटक आहे. आमच्या पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये त्याची व्याख्या उतरवून घेतली, संगणक मात्र कोणी सुरू केला नाही. रामटेक, उमरेडकडून एसटीने येणारी मुलं वर्गात होती. एका झेरॉक्ससाठी त्यांचा अख्खा दिवस जातो. यातली बहुतेक साधनं त्यांच्या मोबाइलवरही उघडतात.

नागपुरातल्या संशोधन केंद्रांच्या ग्रंथपालांना माझी कळकळीची विनंती आहे. कोर्सवर्क सुरू होताच एका शनिवारी दोन तास द्या आणि प्रत्येकाला त्याच्याच विषयावरचा एक लेख स्वतः शोधून काढायला लावा. लॅपटॉप घेऊन मदतीला मी येईन.

– एक संशोधक विद्यार्थिनी, मानेवाडा, नागपूर